‘गुह्य’ काटू नका, ‘त्यांचे’ काटा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीविषयी बोलतोय ना, ते कळेल. तुम्ही मुलुंडला राहता आणि चौदा वर्षं तबला शिकताय. गुरुजींच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी तुम्ही लेख दिलात. त्यात एक वाक्य होतं : ‘बाराव्या वर्षी गुरुजींनी त्यांचे गुह्य मला दिले.’ स्मरणिकेचं संपादन करणाऱ्या गृहस्थांनी ‘गुह्य’ काटून ‘सिक्रेट’ केलं आणि समासात लिहिलं, ‘लोक हसतील.’ तुम्हाला विचारायचंय ते असं : शब्द चुकलाय का? त्याऐवजी ‘गूढ’ किंवा ‘रहस्य’ चालेल का? आणि कुणीतरी सुचवलेलं ‘राजगुह्य’ अधिक भारदस्त वाटेल का?

शब्द चुकलेला नाही. पण संपादकांची भीतीही खोटी नाही. मी पस्तीस वर्षं मुद्रितशोधन आणि संपादन करतो आहे आणि माझ्या मते तुमच्या वाक्यातला दोष ‘गुह्य’ या शब्दात नाही. तो ‘त्यांचे’ आणि ‘दिले’ या दोन साध्या शब्दांत आहे. असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा शब्द हातातून निसटत चाललाय आणि त्याच्या जागी ठेवायला दुसरा शब्द आपल्याकडे नाही.

भीती कुठून आली ते आधी पाहू. लोकलच्या डब्यात दाराशी उभं राहिलं की डोळ्यांसमोर जी चिकटपत्रं येतात, त्यांवर ‘गुप्तरोग’ हा शब्द असतो. आमच्या पिढीने मराठी वाचायला शिकताना जी अक्षरं फुकट वाचली त्यांत ही होती. पोलिसांच्या पंचनाम्यात, डॉक्टरांच्या दाखल्यात ‘गुह्यांग’, ‘गुह्यभाग’ येतं. रोजच्या वाचनात ‘गुह्य’ फक्त अशाच अर्थाच्या दोन-चार ठिकाणी भेटत असेल, तर वाचकाच्या मनात आधी शरीर येणार, विद्या नंतर. आणि हा अर्थ कुणी बाहेरून चिकटवलेलाही नाही. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा. त्यात गुह्य म्हणजे रहस्य आणि गुह्य म्हणजे जननेंद्रिय, हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीत आहेत. शब्द पहिल्यापासून दुहेरी आहे. जुन्या लिहिणाऱ्यांना त्याची अडचण झाली नाही, कारण कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्याची ठेवण सांगत असे. ती ठेवण आपल्याला करता यायला हवी, एवढंच.

आता शब्दाच्या पोटात शिरू. धातू आहे ‘गुह्’, म्हणजे झाकणं. ‘गुहा’ त्याच धातूची. बोरिवलीच्या कान्हेरीच्या लेण्यांत भर दुपारी उन्हातून आत पाऊल टाकलं की क्षणभर काही दिसत नाही, मग हळूहळू भिंतीवरची मूर्ती आकार घेते. हा शब्द समजावताना मला तोच क्षण आठवतो. या धातूपासून दोन रूपं निघाली आणि त्यांच्यातला फरक फार कामाचा आहे. ‘गूढ’ म्हणजे झाकलेलं. झाकण्याची क्रिया होऊन गेली आहे. ‘गुह्य’ म्हणजे झाकण्याजोगं, जपून ठेवावं असं. वाच्य, पेय, भक्ष्य, त्याज्य यांत जो ‘य’ आहे तोच हा. पेय म्हणजे प्यायलेलं नव्हे, पिण्याजोगं. म्हणून गूढ ही वस्तूची स्थिती झाली आणि गुह्य ही तिच्याकडे पाहणाऱ्या माणसावरची जबाबदारी. एखाद्या घटनेचं कारण कुणालाच ठाऊक नसेल तर ते गूढ. गुह्य मात्र कुणाला तरी ठाऊक असावंच लागतं. ज्याला ठाऊक आहे त्याने ते जपायचं असतं.

‘गुप्त’ची गोष्ट वेगळी. तो धातू ‘गुप्’, म्हणजे राखणं, रक्षण करणं. त्यातूनच गोपनीय, गौप्य आणि आपलं घरगुती ‘गुपित’. सरकारी मराठीने हे घराणं पूर्णपणे आपलंसं केलंय : मंत्री पद आणि गोपनीयतेची शपथ घेतात, कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहिले जातात आणि १९२३ चा कायदा मराठीत ‘शासकीय गुपिते अधिनियम’ म्हणून ओळखला जातो. इथे अर्थ सरळ आहे : बाहेर जाऊ द्यायचं नाही.

‘रहस्य’ येतं ‘रहस्’पासून, म्हणजे एकांत. एकांतात सांगायचं ते रहस्य. एकेकाळी हा शब्द गुह्याच्या अगदी जवळचा होता. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ग्रंथ १९१५ साली बाहेर आला तेव्हा ‘गीतारहस्य’ हे नाव वाचून कुणाला खून-दरोडा आठवला नसेल. त्यानंतर रहस्यकथा आल्या, रहस्यपट आले, आणि रहस्य म्हणजे शेवटच्या पानावर उलगडणारी भानगड असा अर्थ रुळला. तुमच्या लेखात ‘गुरुजींनी मला तबल्याचे रहस्य सांगितले’ असं लिहिलंत तर चूक होणार नाही, पण त्यात एक स्वस्त चमक येईल. बारा वर्षांची मेहनत त्यात दिसणार नाही.

मला जे मुख्य सांगायचंय ते इथून सुरू होतं. गुपित न सांगण्यासाठी असतं. गुह्य सांगण्यासाठी असतं. तुम्ही जुन्या ग्रंथांत हा शब्द शोधत गेलात तर त्याच्या आसपास बहुतेक वेळा सांगणं, बोलणं, ऐकणं याच क्रिया दिसतील. पंचतंत्रात प्रेमाची सहा लक्षणं सांगणारा श्लोक आहे : ‘ददाति प्रतिगृह्णाति गुह्यमाख्याति पृच्छति । भुङ्क्ते भोजयते चैव षड्विधं प्रीतिलक्षणम् ॥’ देतो, घेतो, गुह्य सांगतो, गुह्य विचारतो, जेवतो, जेवू घालतो. गुह्य सांगणं हे चक्क ताटात वाढण्याच्या ओळीला बसलंय. गीतेत नवव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात ‘इदं तु ते गुह्यतमं प्रवक्ष्याम्यनसूयवे’ : हे सर्वांत गुह्य तुला सांगतो, कारण तू असूया करणारा नाहीस. अठराव्यात ‘इति ते ज्ञानमाख्यातं गुह्याद् गुह्यतरं मया’ : गुह्याहून गुह्य असं ज्ञान तुला सांगितलं. दोन्हीकडे क्रियापद सांगण्याचंच.

दहाव्या अध्यायात याच्या उलट वाटणारी एक ओळ आहे, तीही लपवत नाही : ‘मौनं चैवास्मि गुह्यानां’, गुह्यांमध्ये मी मौन आहे. मला हा विरोध वाटत नाही. सांगण्याची वेळ येईपर्यंत गप्प राहणं हा सांगण्याचाच भाग आहे. तुमच्या गुरुजींनी अकरा वर्षं काही म्हटलं नाही, तेव्हाही ते शिकवतच होते.

मग अट कोणती? कुणाला सांगायचं? यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, विद्या स्वतः चालत येते आणि म्हणते : ‘गोपाय मा शेवधिष्टेऽहमस्मि’, मला जप, मी तुझा ठेवा आहे. पुढे म्हणते, मत्सरी माणसाला, कुटिल माणसाला, स्वतःला आवर न घालणाऱ्याला मला सांगू नकोस, म्हणजे मी सामर्थ्यवान राहीन. गीतेतल्या ‘अनसूयवे’मध्ये तीच अट पुन्हा आली आहे. बुद्धी किती, पाठांतर किती, हे विचारलेलं नाही. ज्याला दुसऱ्याचं चांगलं पाहवतं त्याच्या हाती विद्या सुरक्षित, असा हा हिशेब आहे. शिकवणारी माणसं आजही नेमकं हेच पाहतात.

या अटीला काळी बाजू आहे आणि तिच्याविषयी न बोलता पुढे जाणं मला बरं वाटत नाही. ‘योग्य त्यालाच सांगायचं’ या वाक्याचा आधार घेऊन शतकानुशतकं अर्ध्याहून अधिक समाजाला विद्येच्या दाराबाहेर ठेवलं गेलं. हे सगळ्यात स्पष्ट कुणी म्हटलं असेल तर ज्ञानेश्वरांनी, आणि तेही शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते लिहितात : ‘वेदु संपन्नु होय ठायीं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥’ वेद श्रीमंत खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानाला लागला. ‘कानी लागणे’ हा वाक्प्रचार आपण आजही चहाडीसाठी वापरतो. ज्ञानेश्वरांनी तो वेदाला लावला. पुढच्याच ओवीत स्त्रिया आणि शूद्र यांचा उल्लेख आहे : त्यांना वेदाने वावच ठेवला नाही, असं ते म्हणतात. तुम्ही स्त्री असून तबला शिकलात आणि गुरुजींनी हातचं काही राखलं नाही. ही गोष्ट तुमच्या लेखात एका ओळीत का होईना, यायला हवी असं मला वाटतं.

ज्ञानेश्वरी उघडलीच आहे तर आणखी दोन जागा पाहू, कारण मराठीत गुह्य हा शब्द कसा वागतो ते तिथे फार सुंदर दिसतं. गीतेचा नववा अध्याय म्हणजे राजगुह्याचा अध्याय. त्यावरच्या टीकेच्या पहिल्या ओवीत ज्ञानेश्वर श्रोत्यांचं लक्ष मागतात आणि म्हणतात : ‘हें प्रतिज्ञोत्तर माझें । उघड ऐका ॥’ सगळ्यांत गुह्य गोष्ट सांगायला बसलेला माणूस सुरुवात ‘उघड’ या शब्दाने करतो! विद्यार्थ्यांना हा शब्द समजावताना मी इथे नेहमी थांबतो.

दुसरी जागा ग्रंथाच्या शेवटी, जिथे ते आपली गुरुपरंपरा सांगतात : ‘क्षीरसिंधुपरिसरीं । शक्तीच्या कर्णकुहरीं । नेणों कैं श्रीत्रिपुरारीं । सांगितलें जें ॥’ क्षीरसागराच्या काठी शंकराने पार्वतीच्या कानात, कोण जाणे केव्हा, जे सांगितलं, ते लाटांखाली मकराच्या पोटात लपलेल्या मत्स्येंद्राच्या हाती लागलं. आपल्याकडे गुपित तिसऱ्याच्या कानी गेलं की ‘षट्कर्णी झालं’ म्हणतात. सहा कान झाले की मंत्र फुटतो, हेही पंचतंत्रच सांगतं. इथे सहा कान झाले आणि तरी काही फुटलं नाही. उलट तिथूनच परंपरा सुरू झाली : मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. आणि गहिनीनाथ निवृत्तिनाथांना काय सांगतात? हा सगळा बोध घे आणि कलीने गिळलेल्या जीवांसाठी ‘सर्व प्रकारीं धांवा । करीं पां वेगीं’. धावत जा, लवकर जा. गुपित फुटलं की संपतं. गुह्य मात्र नीट पोहोचलं की वाढतं.

‘राजगुह्य’चा प्रश्न आता पटकन संपवतो. हा शब्द राजकीय गुपित या अर्थाने लिहिलेला मी अनेकदा दुरुस्त केला आहे. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ ‘गुह्यांचा राजा’ असा केला आहे. राजदंत म्हणजे दातांचा राजा, तसाच हा उलटा लावायचा समास. ज्ञानेश्वरांचं मराठी रूप त्याहून गोड : ‘सकळ गुह्यांचा गोसावी’. राजेलोकांनी जाणलेलं ते राजगुह्य, असाही अर्थ योगवासिष्ठात दिसतो, त्यामुळे तो लावणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. पण दोन्ही अर्थांनी हा शब्द ब्रह्मविद्येचा आहे. डग्ग्यावरच्या, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्यावरच्या, दाबासाठी तो वापरू नका. तुमच्या गुरुजींनाच संकोच वाटेल.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण गुह्य म्हणजे काय हे मला कोशातून कळलं नाही, ते छापखान्यात कळलं.

१९८८ च्या सुमारास मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचायला लागलो. शिशाचे अक्षरखिळे हाताने जुळवण्याचं काम तिथे अजून चालू होतं. वयस्क जुळारी होते, त्यांना सगळे काका म्हणत. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या केसमधल्या खणांवरून न बघता फिरायचा आणि ओळ उभी राहायची. गॅलीतली, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या तबकातली, उलटी अक्षरं ते सरळ वाचल्यासारखी वाचत. एका संस्कारविषयक पुस्तकाचं प्रूफ माझ्याकडे होतं. त्यात ‘आश्वलायनाची गृह्यसूत्रे’ असं हवं होतं. जुळवताना ‘गुह्यसूत्रे’ झालं. गृह्य म्हणजे घरातल्या संस्कारांविषयीचं. एका ऋकाराच्या जागी उकार, बाकी सगळं सारखं. मी ते प्रूफ तीनदा वाचलं आणि तीनदा पुढे गेलो. पुस्तक छापून झालं. लेखक वृद्ध पंडित होते. त्यांनी मला समोर बसवून ते पान दाखवलं आणि एवढंच विचारलं, “हे माझ्या नावावर राहणार ना आता?” प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवताना माझे हात कापत होते.

त्या संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर काकांनी मला हाक मारली. “तू अर्थ वाचतोस,” ते म्हणाले. “अर्थ वाचलास की डोळा पुढे पळतो. पहिलं वाचन अर्थाचं कर. दुसरं ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे कर, एकेक शब्द सुटा. मग अर्थ तुला फसवू शकत नाही.” मग ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून, घ-ध, भ-म, व-ब, उकार-ऋकार या जोड्या कशा डोळ्याला गंडवतात ते दाखवलं. दहा मिनिटांत झालं. मी विचारलं, हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत? त्यावर ते म्हणाले, “पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तू वहीत लिहून ठेवलं असतंस.”

त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मशीन चालू असताना ते ओरडून सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं, आज इथे सगळ्यांसमोर लिहितो आहे. तरी त्या संध्याकाळी ते गुह्य होतं, कारण त्या दिवशीच माझ्यात ते घेण्याची जागा झाली होती.

तुमच्या क्षेत्रात हे माझ्याहून तुम्हाला जास्त दिसत असेल. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या आणि वकिली केलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांनी जपलेल्या शेकडो चिजा, म्हणजे बंदिशी, मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. तोवर त्या चिजा खरोखर कुलुपात होत्या. तबलियांत तर ‘दहेजी गत’ म्हणतात. मुलीच्या लग्नात जावयाला आंदण म्हणून दिलेली रचना, जी दिल्यानंतर देणाऱ्याच्या घरात वाजवायची नाही, असं सांगतात. या सगळ्याला मी गुपित म्हणेन. ते छापलं गेलं ते चांगलंच झालं. त्यामुळे मुंबईत चाळीत राहणाऱ्या मुलालाही चीज मिळाली. पण पुस्तक उघडून चीज म्हणणारे सगळे गायक झाले नाहीत. कागदावर अक्षरं आली, मात्रा आल्या, दाब आला नाही. कागदावर न आलेला तो भाग म्हणजे गुह्य. आणि तो कुणी अडवून धरला म्हणून राहिला असं नाही, तो हातावर हात ठेवूनच सांगावा लागतो.

महानुभाव पंथाच्या सकळ लिपीचं उदाहरण कुणीतरी देईल म्हणून सांगून ठेवतो. त्यांनी आपल्या पोथ्या अक्षरं बदलून, सांकेतिक लिपीत लिहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांना किल्ली मिळाली आणि पोथ्या वाचता आल्या. याला शब्द आहे ‘कूट’. किल्ली मिळाली की कूट संपतं.

बाकीच्या पर्यायांवर फार वेळ घालवत नाही. ‘वर्म’ संतांच्या मराठीत किल्लीच्या अर्थाने येतं, पण आज आपण वर्मावर बोट ठेवतो, वर्मी घाव घालतो. म्हणजे दुखरी जागा. ‘मेख’ म्हणजे आत दडलेली अडचण. ‘इंगित’ वाईट नाही, पण यशाच्या लेखांनी ते झिजवलंय. ‘गमक’ तर तुमच्या लेखात अजिबात नको : त्याचा अर्थ खूण, लोक ते चुकून रहस्याच्या अर्थी वापरतात, आणि संगीतावरच्या लेखात वाचकाला स्वरांचं आंदोलनच आठवेल. ‘कानमंत्र’ हा जिवंत आणि सुरेख शब्द होता, त्यात कानही आहे आणि सांगणंही. पण निवडणुकीच्या दिवसांत कुठला नेता कार्यकर्त्यांना कानमंत्र देत नाही? लेख वर्तमानपत्रासाठी असता तर मी तरीही ‘कानमंत्र’च सुचवला असता, कारण तिथे वाचक घाईत असतो. ‘सिक्रेट’विषयी एवढंच म्हणेन की तो बोलण्यात चालतो, पंचाहत्तरीच्या स्मरणिकेत तो मसाल्याच्या पाकिटावरून आल्यासारखा वाटतो.

आता तुमच्या वाक्याकडे. ‘त्यांचे गुह्य’ : व्यक्तीला षष्ठी लावून लगेच ‘गुह्य’ आलं की वाचकाचं मन शरीराकडे जातं. याला उपाय नाही, शब्दाचा दुसरा अर्थ तिथे बसूनच आहे. म्हणून व्यक्तीची षष्ठी टाळा. विद्येला सप्तमी द्या : ‘तबल्यातले गुह्य’, ‘या वादनातले गुह्य’, ‘डाव्या हाताचे गुह्य’ म्हणण्याऐवजी ‘डाव्या हाताच्या कामातले गुह्य’. विशेषण म्हणून वापरलंत तर आणखी सुरक्षित : ‘एक गुह्य गोष्ट’. दुसरं, ‘दिले’ काढा. वस्तू देतात, गुह्य सांगतात. ‘सांगितले’ आलं की वाक्य लगेच विद्येच्या बाजूला झुकतं. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची : तुमच्या लेखात ते गुह्य काय होतं हेच नाही! तुमच्या प्रश्नाच्या शेवटी मात्र तुम्ही सहज लिहून गेलात की गुरुजी म्हणाले, “घुमारा उठू दे, मग दाब दे. तू डग्ग्याला बोलूच देत नाहीस.” घुमारा म्हणजे डग्ग्याचा घुमणारा नाद. हे वाचून मी थांबलो. हे वाक्य लेखात असेल तर ‘गुह्य’ शब्दाला कुणी हसणार नाही, कारण अर्थ पुढच्याच ओळीत उभा असेल.

मी असं लिहीन : ‘बाराव्या वर्षी एका संध्याकाळी गुरुजींनी डग्ग्यावर माझं मनगट धरलं आणि या वादनातलं गुह्य सांगितलं : घुमारा उठू दे, मग दाब दे.’ तुमचा लेख प्रमाण लेखी वळणाचा असेल तर ‘धरले’, ‘सांगितले’ करा. दोन वळणं एका लेखात मिसळू नका.

एका बाबतीत मात्र मी ठरवू शकत नाही. गुरुजींना ते छापलेलं चालणार आहे का? काही गुरुजनांना आनंद होतो, काहींना वाटतं की छापलं की ते पाठांतराचं होऊन बसेल. तसं असेल तर वाक्य अर्ध्यावर थांबवा : ‘...आणि या वादनातले गुह्य सांगितले. ते मला ऐकायला बारा वर्षे लागली.’ हेही पुरेसं आहे. छापायला देण्याआधी त्यांना एकदा वाचून दाखवा. आणि संपादकांशी भांडू नका. त्यांनी धोका बरोबर ओळखला, फक्त कात्री चुकीच्या शब्दावर चालवली. नवं वाक्य पाठवा, बहुधा ते ठेवतील. नाहीच ठेवलं तर ‘सिक्रेट’पेक्षा ‘मर्म’ मागून घ्या, तो त्यातल्या त्यात जवळचा.

शेवटी छपाईचं. ‘ह्य’ हे जोडाक्षर आपण म्हणताना ‘य्ह’ असं म्हणतो, ‘सह्याद्री’, ‘बाह्य’ म्हणतो तसंच. त्यामुळे टंकलिखित करणारा कानाने लिहीत असेल तर ‘गुय्ह’ होतं, आणि काही फाँटमध्ये ह आणि य सुटे पडून मध्ये पाय मोडलेला ह दिसतो. प्रूफ हातात आलं की ती ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा, पट्टी धरून. उकार आहे ना, ऋकार नाही ना, ते बोट ठेवून पाहा. स्वयंसुधारणा चालू असेल तर ‘गुह्य’चं ‘गृह्य’ करायला तिला एक क्षण पुरतो.